पाटीच्या मागची बाजू

सोफिया सोडली की डावीकडं वितोशा
बराच वेळ सोबत चालतो, पेर्निकपाशी कंटाळून थांबतो.
पुढं सगळा उतार. दोन पदर जायला, दोन यायला,
सरळ ग्रीसच्या हद्दीपर्यंत, असं कागदावर.

पिवळ्या गाडीत मी आणि मेतोदी,
दोन फावडी, चुन्याचं पोतं,
थर्मासमध्ये लिंडनच्या फुलांचा काढा.
काम साधं आहे: रस्त्यावर पडेल ते उचलायचं.
कोल्हे. टायरच्या चिंध्या.
एकदा नवरीचा एक बूट, पांढरा, टाच शाबूत.
आणि क्रेस्नाच्या घळीत, कासवं.

घळीशी महामार्ग संपतो.
मंत्री बदलला की नकाशावरची लाल रेघ
कधी नदीच्या त्या अंगानं जाते, कधी डोंगराच्या पोटातून.
घळ आपली तशीच. एक पदर जायचा, एक यायचा,
आणि ट्रकांना खेटून स्त्रुमा.
कासव मधोमध थांबून मान वर करतं.
मेतोदी म्हणतो, राजधानीत काय ठरलंय
ते यांना कुणी कळवलेलं नाही.

दुसरं काम खरवडायचं.
आमच्याकडं माणूस गेला की त्याचा कागद निघतो,
फोटो, नाव, काळी चौकट.
दारावर लावतात, बसथांब्यावर, विजेच्या खांबावर.
चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी.
गावात चालतं. महामार्गाच्या पाटीवर चालत नाही.
तसा नियम आहे,
आणि नियमाची खरवडणी माझ्या खिशात असते.

पर्वान. वय एकोणीस. मोटारसायकल.
घळीतलं तिसरं वळण, 'वेग ५०'च्या पाटीवर,
मार्चमध्ये, फांद्यांना लाल-पांढरे दोरे बांधलेले असतात तेव्हा.
पहिल्या वर्षी खरवडला. डोळे निघेनात.
दुसऱ्या वर्षी पाणी मारून अख्खा सोडवला,
घडी करून गाडीच्या खणात टाकला, का ते माहीत नाही.
तिसऱ्या वर्षी काढला आणि पाटीच्या मागं लावला,
जिथं ड्रायव्हर बघत नाहीत, नदी बघते.
चौथ्या वर्षी तो आधीपासूनच मागं होता.

कुलाताला स्तोइनाची टपरी होती.
ट्रक चार-चार तास उभे, कधी रात्रभर.
तुर्क, रोमानियन, आमचे, सगळे तिच्याच कपातून प्यायचे.
"लोक वाट पाहतात, त्यावर माझी चूल पेटते," म्हणायची.
एकदा साखर ढवळताना
तिच्या नखांशी वाळलेली खळ दिसली.
तिला माझ्या खिशातून डोकावणारी खरवडणी दिसली.
हवेबद्दल बोललो आम्ही. सांदान्स्कीत औंदा बदाम लवकर फुलला, वगैरे.
कॉफीचे पैसे तिनं नेहमीसारखेच घेतले.

मग एका जानेवारीत तपासणी उठली.
भाषणं झाली, फीत कापली, आणि दुसऱ्या दिवसापासून
ट्रक न थांबता पलीकडं.
चांगलंच झालं, कुणीही म्हणेल, मीही म्हणतो.
टपरीच्या जागी चार विटा आणि कपांचा ढीग.
स्तोइना थेस्सालोनिकीला गेली, लेकीकडं;
कुणी म्हणतं, तिथं हॉटेलात भांडी घासते.

यंदा मार्चमध्ये पाटीची मागची बाजू कोरी.
मी दोनदा फिरून पाहिलं.
मग खण उघडला. घडीवर तेलाचा डाग,
नाकावरून एक चीर गेलेली.
मेतोदीनं काही न विचारता पाण्यात पीठ कालवलं.
कागदावर छापलंय: 'दोन वर्षे झाली.'
आकडा केव्हाच मागं पडलाय. राहू दे.
पोराचं वय तर बरोबर आहे.

तिथून हद्दीपर्यंत कुणी बोललं नाही.
रिकाम्या केबिनपाशी पाय आपसूक ब्रेकवर गेला.
काचेआड खुर्ची, खुर्चीवर कुणाचा तरी विसरलेला स्वेटर.
मागच्यानं हॉर्न दिला, लांबलचक.
"जाऊ दे की पुढं," मेतोदी म्हणाला,
"आता वळायचं तरी
परदेशात जाऊनच वळावं लागतं."